तोंडी सुनावणी

बारामती
३ फेब्रुवारी १९३६

चि. रामहरी,

अक्काचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर तिथंच ठेव.

तुझं पत्र आलं. माणसानं थोरल्या बहिणीला लिहावं तर आधी खुशाली विचारावी. तुझी पहिलीच ओळ, "अक्का, तू मला भर सभेत फसवलंस." आणि अक्षर तर असं वळणदार, की वाचणाऱ्याला वाटावं कुणा वकिलानं बसून लिहून दिलंय. मुंबईच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत तुला घातलं, लिहायला शिकवलं, ते बहिणीवर फिर्याद करायला का रे?

आता सभेचं. ठराव असा होता, की ज्याला स्वतःला ऐकू येत नाही त्यानं मुक्या-बहिऱ्या मुलांना शिकवू नये, आणि आपल्या मास्तरांच्या मंडळानं त्याला शिक्षक मानू नये. तू माझ्या शेजारी बसला होतास. सभेत कोण काय बोलतं ते मी तुला हातानं सांगत होते, लहानपणापासून सांगत आले तसं. तू म्हणतोस, ठराव वाचला जात असताना मी तुला सांगितलं, "तुझ्या इंदापूरच्या वर्गाच्या भल्याचा ठराव आहे, हात वर कर." बरं मग? भल्याचा नाही का? मी काही खोटं सांगितलेलं नाही. थोडक्यात सांगितलं. सभेतलं प्रत्येक अक्षर तुला हातानं सांगत बसले तर माझे हात गळून पडतील.

अध्यक्ष रावजी आबा म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करा," तर सगळ्यांत आधी वर गेला तो तुझा हात. सगळ्यांत उंचही तुझाच. सातारा-सोलापूरचे मास्तर एकमेकांकडं बघायला लागले. बाहेर पडताना आबा मला म्हणाले, "शकुबाई, भावाचं मन मोठं आहे हो तुमच्या. स्वतःवरच्या ठरावाला स्वतः हात वर केला." मी म्हटलं, आमच्या घराण्यातच आहे ते.

तेव्हा ठराव एकमतानं मंजूर आहे, आणि त्या मतात तुझंही मत आहे. आता बोंब मारून उपयोग नाही. मारताही येत नाही म्हणा.

मंडळ तूच काढलंस, हे मला दर पत्रात ऐकवू नकोस. असल्या मुलांना शिकवणाऱ्या मास्तरांना कुणी विचारत नाही, लोकल बोर्डात मुलांची बाजू मांडायला कुणी नाही, म्हणून गावोगाव पत्रं लिहून तू माणसं गोळा केलीस. सगळं मान्य. पण झाड लावणाऱ्यानं सावलीत बसायलाच पाहिजे असं कुठं आहे? बोर्ड या भागात एकाच वर्गाला मान्यता देणार आहे. त्यांना बोलणारी मुलं दाखवावी लागतात. तुझी मुलं हातवारे करतात. मागच्या वर्षी मामलेदार तुझा वर्ग बघायला आले आणि तोंडाला रुमाल लावून हसले. तू त्यांना वाकून नमस्कार करत होतास. तुला वाटलं, साहेबांना खोकला आलाय.

मी मुंबईला जाऊन बोलणं शिकवण्याची पद्धत शिकून आले आहे. मला ऐकू येतं. यात मत्सर कसला? ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

अक्का

बारामती
२२ मार्च १९३६

चि. रामहरी,

तुझं उत्तर नाही. रुसलास वाटतं. रूस. लहानपणीही तू रुसून गोठ्यात जाऊन बसायचास आणि आई मलाच पाठवायची समजूत काढायला. आता आई नाही आणि मला वेळ नाही.

इंदापूरचा वर्ग या महिनाअखेर बंद करायचा. मुलांनी बारामतीला माझ्याकडं राहून शिकायचं, असं मंडळानं ठरवलं आहे. पाट्या आणि तो मोठा आरसा माझ्याकडं पाठव. तू भिंतीवर चिकटवलेली हातांच्या खुणांची चित्रं पाठवू नकोस, ती चुलीत घाल.

बावड्याच्या दोघा पोरांच्या बापांनी सांगितलं, "बाई, एवढ्या लांब न्हाय धाडायची." ती शेरडं राखतील. तुझ्याकडं राहून तरी काय दिवे लावणार होती? सणसरच्या त्या मुक्या सारजाला तिच्या चुलत्यानं दिवसभर खांबाला बांधून ठेवलंय म्हणे, विहिरीकडं जाते म्हणून. तू त्याबद्दल मंडळाला लिहिलंस, ते पुढच्या सभेत घेऊ. मात्र शिक्षक म्हणून सही करत जाऊ नकोस. "एक हितचिंतक" असं लिही.

फरिदाला मात्र मी घेतलीच. पोरगी चलाख आहे, नजर घारीची आहे. तिचा बाप आला होता इथं. तोच तो बादशाह बागवान, तुला वर्गासाठी आपली फळांची वखार देणारा. दारातच सुरू झाला, "बाई, आमची पोर कधी काय मागत नव्हती, कुढत बसायची. रामहरी मास्तरनं तिला हात दिलं. आता घरात समद्यांशी बोलती. मलाबी चार खुणा शिकवल्यात तिनं. तुमी ते बंद करणार म्हनं?" मी म्हटलं, बादशाहभाई, तुमच्या घरात खुणा चालतील, पण जगाच्या बाजारात चालायच्या नाहीत. उद्या तुम्ही मेलात तर ती हात हलवून कुणाला बोलावणार? उठून गेला बिचारा. दुसऱ्या दिवशी पोरीला आणून सोडली.

आरसा गवतात गुंडाळून पाठव. फुटला तर तुला दुसरा परवडायचा नाही.

अक्का

बारामती
९ जून १९३६

रामहरी,

हे कार्ड उघडंच पाठवते, पोस्टमननं वाचलं तरी हरकत नाही. दर रविवारी इंदापूरहून मोटारीनं येऊन माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहू नकोस. तू आत बघून हात हलवतोस, फरिदा आतून हलवते, आणि माझी आठवडाभराची मेहनत पाण्यात जाते. काल खिडकीला गोणपाट ठोकून घेतलं आहे. आता उन्हातान्हात उभा राहून गोणपाटाशी काय बोलायचं ते बोल.

अक्का

बारामती
१७ सप्टेंबर १९३६

चि. रामहरी,

फरिदा कशी आहे म्हणून विचारलंस. ठराव झाल्यापासून पहिल्यांदा तू सरळ शब्दांत काही विचारलंस, म्हणून सरळ सांगते.

आली तेव्हा सारखे हात हलवायची. आमच्या पद्धतीत एकच नियम आहे. मूल हातानं बोलायला लागलं, की आपण तोंड फिरवायचं. रागवायचं नाही, मारायचं नाही. तिच्यापुरते आपण तिथं नाहीच, असं वागायचं. घरात स्वयंपाकीण, मोलकरीण, सगळ्यांना हेच सांगून ठेवलंय. पहिले काही दिवस ती ज्याच्या त्याच्या पुढं जाऊन उभी राहायची आणि जो तो तिला पाठ दाखवायचा. गोल गोल फिरायची बिचारी. एकदा पोट दुखत होतं, ते हातानं सांगायला आली. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. ती पुढं आली, मी पुन्हा फिरले. शेवटी खाली बसली. संध्याकाळी ताप चढल्यावर कळलं. डॉक्टरला दाखवलं, मी काही राक्षसीण नाही.

त्यानंतर तिचे हात मागं नाडीनं बांधायला लागले. सैल बांधते, व्रण उठत नाहीत.

आता फळ ऐक. 'प' आणि 'ब' लवकर आले. तोंडापुढं कागदाची पट्टी धरायची, ती हलली की 'प'. 'ख' मात्र येईना. तो घशातून निघतो, बहिऱ्या मुलाला दिसत नाही. चमच्याच्या दांड्यानं जीभ आत ढकलायची आणि तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा. ओकायची, चमचा चावायची. एक दात हलला. पण सोडली नाही मी. नागपंचमीच्या आदल्या दिवशी म्हणाली, "ख". असा स्वच्छ, की स्वयंपाकीण आतून पळत आली. मी पोरीला पोटाशी धरली. रामहरी, मी रडले रे. तुला खोटं वाटेल.

आणि ओठ वाचण्यात तर तिला तोड नाही. खोलीच्या त्या टोकाला दोघं बोलत असली तरी कळतं तिला. तुला ते जन्मात जमलं नाही. तू कायम माझ्या हातांकडं बघत राहिलास.

आता ठरावाविरुद्धचा तुझा अर्ज. अर्ज मंडळाच्या चिटणिसाकडं येतो आणि चिटणीस मीच, तेव्हा मीच फोडला. पण तू हुशारी करून एक प्रत आबांनाही पाठवलीस. तर ऐक, आबांचा निर्णय झाला आहे. मंडळाच्या नियमाप्रमाणे तक्रारीची सुनावणी तोंडीच होते. लेखी म्हणणं चालत नाही. हा नियम कुणाचा? तुझाच! अडाणी आईबापांना लिहिता येत नाही, त्यांना उभं राहून दोन शब्द बोलता यावेत, कागदवाल्यांनी त्यांना गुंडाळू नये, म्हणून तू हट्टानं घालून घेतलास. सगळ्या जगाची काळजी केलीस, फक्त स्वतःला जीभ नाही हे विसरलास. हसू की रडू, तूच सांग.

डिसेंबरात वार्षिक सभा आहे. त्या दिवशी ये आणि बोल.

अक्का

बारामती
१८ डिसेंबर १९३६

चि. रामहरी,

"सभेत काय झालं ते बादशाहनं सांगितलं, पण मला तुझ्या हातचं हवं आहे," असं लिहिलंस. तुझ्या हातचं म्हणे! बरं, लिहिते. एकदाच लिहीन, पुन्हा विचारू नकोस.

तू बादशाहला बरोबर आणलंस ते मला आवडलं नाही. तू हातानं सांगणार आणि तुझ्याकडून खुणा शिकलेला तो बागवान तोंडानं बोलणार! तू सुरुवात केलीस तशी त्यानंही केली, "मास्तर म्हंत्यात, ठराव काय हाय ते मला ठावंच नव्हतं..." तेवढ्यात सोलापूरचे मास्तर उठले. म्हणाले, हा मुलीचा बाप, याचा यात स्वार्थ आहे, याचं बोलणं धरू नये. आबांना पटलं. म्हणाले, मंडळाचं दुभाषाचं काम आजवर शकुबाईंनी केलं आहे, आजही त्याच करतील. बादशाहला दारात उभं केलं.

मग तू आणि मी. सगळी सभा बघत होती. बादशाह दारातून तुला हात हलवून सांगत होता, नको, नको. तू बराच वेळ माझ्याकडं बघत राहिलास. मला वाटलं, खाली बसशील. बसला असतास तर फार बरं झालं असतं. पण तू आपल्या कानाची पाळी धरून ओढलीस. मी लहानपणी तुझा कान पिळायची म्हणून तू मला दिलेली ती नावाची खूण, 'अक्का'. आणि बोलायला लागलास.

तू म्हणालास, "अक्का, मी बोलतो तेवढंच सांग. माझं नाव काढून टाका. मला शिक्षक म्हणू नका. झाडलोट करीन, पाणी भरीन, मुलांचे कपडे धुईन. पण त्यांच्याजवळ राहू द्या. त्यांना दिवसातून एकदा तरी कुणीतरी समोरून तोंड न फिरवता बघायला पाहिजे." हे सगळं तू सांगितलंस. सारजाचा खांबही सांगितलास. बघ, मला अक्षरन् अक्षर आठवतं. तुझे हात माझ्याइतके कुणालाच कळत नाहीत.

मी सभेला म्हटलं, "रामहरी म्हणतात, प्रकृती साथ देत नाही. मुलं शकुबाईंकडं सुखात आहेत. इंदापूरचा वर्ग मी राजीखुशीनं सोडतो. मंडळाचे आभार."

तू वाचून दात-ओठ खाशील. खा. पण तू शिपाई म्हणून माझ्या वर्गात आलास, की मुलं कुणाकडं बघतील? माझ्या ओठांकडं, का तुझ्या हातांकडं? मी जन्मभर तुझं तोंड झाले. लोक तुझ्याशी बोलायचे, माझ्याशी नाही. नवरा गेल्यावर लोक भेटायला आले, तेही तुलाच विचारत होते, "आता अक्काचं कसं?" आणि ते मीच तुला हातानं सांगत होते! आता एकदा माझं तोंड माझ्यासाठी उघडलं, तर आकाश कोसळलं काय?

पुढचं बादशाहनं तुला तिखटमीठ लावून सांगितलं असेल. फरिदाला मी पहिल्या रांगेत बसवली होती. नवा झगा, वेणीला फीत. सभेनंतर तिच्याकडून चार शब्द म्हणवून घ्यायचे होते, म्हणून हात मोकळे ठेवले होते. तिनं तुझे हात पाहिले आणि माझे ओठ वाचले. आणि उठली. हात हलवले नाहीत. माझ्याकडं बोट केलं आणि भर सभेत, तोंडानं, मोठ्यानं म्हणाली, "अक्का खोटं."

वाटलं, संपलं आता.

आणि आबा उभे राहिले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बोलली! अहो, पोरगी बोलली! 'ख' ऐकलात का? काय सुरेख 'ख'! आणि पाठ केलेलं वाक्य नव्हे, स्वतःचं वाक्य!" साताऱ्याचे मास्तर म्हणाले, "विलक्षण!" सोलापूरच्यांनी टाळी वाजवली आणि मग सगळ्या सभेनं. बादशाह दारातून ओरडत होता, "आवं, पोरगी काय म्हंतीया त्ये तर ऐका की!" त्याला कुणीतरी म्हणालं, "बादशाहभाई, आनंदाचा दिवस आहे, गोंधळ घालू नका," आणि बाहेर नेलं. मला हार घातला. बारामतीच्या वर्गाची बोर्डाकडं शिफारस करायची, असा ठराव तिथंच झाला.

टाळ्या कशासाठी होत्या, हे तू विचारलंसच नाहीस. तुला वाटलं, तुझं म्हणणं सभेला पटलं म्हणून. तू उठून चौफेर हात जोडलेस. मग माझ्याकडं आलास आणि माझ्या पाया पडलास. मी आशीर्वाद दिला. सभेत नाही कसं म्हणायचं?

अक्का

बारामती
१४ जानेवारी १९३७

चि. रामहरी,

संक्रांतीचा तिळगूळ वेगळा पाठवला आहे. परत पाठवू नकोस, मुंग्या लागतात.

एक काम आहे. मला कुणापुढं पदर पसरायची सवय नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा एकदाच सांगते.

पुढच्या महिन्यात शाळाखात्याचे दिपोटी इन्स्पेक्टर तपासणीला येणार आहेत, बोर्डाचे दोन सभासद घेऊन. स्वतःच्या मनानं वाक्य बोलणारी मुलगी त्यांना बघायची आहे. तिनं एक वाक्य म्हटलं की मान्यता, नाहीतर वर्ग बंद. आबांनी तर गावभर सांगून ठेवलंय.

आणि फरिदा त्या दिवसापासून बोलत नाही. एक अक्षर नाही. 'प' नाही, 'ब' नाही. आरशापुढं बसवली तर आपल्या तोंडाकडं बघत बसते. चमचा पुढं केला की स्वतःहून तोंड उघडते, जीभ बाहेर काढते, पण आवाज म्हणून नाही. जेवण बंद करून पाहिलं. गोडीनं पाहिलं. माझ्या गळ्यावर तिचा हात ठेवला तर काढूनही घेत नाही, तसाच मेल्यासारखा ठेवते. हातवारेही करत नाही. मीच एक दिवस नाडी सोडली, म्हटलं कर बाई, हातानं तरी काही सांग, मी तोंड फिरवणार नाही. समोर जाऊन उभी राहिले. तर तिनं तोंड फिरवलं. मी या बाजूला गेले, ती त्या बाजूला फिरली. स्वयंपाकीण बघत होती मेली.

तिचा बाप न्यायला आला होता. तपासणी झाल्यावर ने, असं सांगून परत धाडला. तो "पोर मारशीला बाई" म्हणाला. अशी मरत नाहीत पोरं.

तू ये. तुझं ती ऐकते. माझा राग पोरीवर काढू नकोस, वर्ग बंद झाला तर तिचंच नुकसान आहे, तिला बापाच्या वखारीत पेरू निवडत जन्म काढावा लागेल. तुझ्याही मनात हे येत असणारच.

सोमवारी पहिल्या मोटारीनं ये. पुढच्या दारानं नको, आबा हल्ली सकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसलेले असतात. मागं कडब्याच्या गंजीआड तिला आणून उभी करते. वर्गात हातवारे चालत नाहीत, तेव्हा जे काय करायचं ते गंजीआडच. कुणी दिसलं तर हात खाली कर.

तिला एवढंच सांग, की बोल. काय बोलायचं ते मी बघते.

अक्का